जुन्या गोव्यातील रेनेसाँ-बरोक फेरी: कुठे थांबावे, काय पाहावे, काय खटकते

जुन्या गोव्याला येणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. बॉम जिझस चर्चमध्ये गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवपेटीपुढे हात जोडायचे, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये डोकावायचे आणि तासाभरात मंगेशीच्या वाटेला लागायचे. एका दिवसात अख्खा उत्तर गोवा उरकणाऱ्या बसगाड्यांनी ही सवय लावली आहे. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या वास्तूंना तासभर मुळीच पुरत नाही. सहा तास हाताशी असतील तरच या, नाहीतर एकच चर्च निवडा आणि ते नीट पाहा.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. वास्तूंना पाचपैकी पाच. त्या दाखवण्याची जी व्यवस्था आहे तिला पाचपैकी दोन. फलक त्रोटक आहेत, मार्गदर्शकांना घाई असते आणि सगळ्यात प्रसिद्ध इमारत आज ज्या रूपात उभी आहे ते रूप बांधणाऱ्यांनी तिला दिलेलेच नाही. याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण ते समजल्याशिवाय बॉम जिझस पाहिले असे म्हणता येत नाही.

हल्ली गोव्यातून माल्टाला जाणारे वाढले आहेत आणि तिथली चर्चे पाहून आलेला माणूस जुन्या गोव्याशी तुलना करतोच. तुलना रास्तही आहे. १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर माल्टा बेटावर व्हॅलेटा शहराची पायाभरणी झाली ती १५६६ मध्ये. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलचे काम त्याआधी चार वर्षे, १५६२ मध्ये सुरू झाले होते. व्हॅलेटाचा आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याचा. तिथले सेंट जॉनचे सह-कॅथेड्रल बांधले जेरोलामो कासार या माल्टीज वास्तुकाराने, १५७० च्या दशकात. बाहेरून पाहिले तर दोन मनोरे, सपाट भिंत, किल्ल्यासारखा कोरडा चेहरा. आत पाऊल टाकले की नजर ठरत नाही. मात्तिया प्रेती या चित्रकाराने १६६१ पासून पाच-सहा वर्षे खपून कमानी छतावर, थेट दगडावर, तैलरंगात सेंट जॉनचे चरित्र रंगवले. भिंतींचा दगड कोरून त्यावर सोने चढवले आहे आणि जमिनीवर सुमारे चारशे संगमरवरी थडग्यांच्या फरशा आहेत.

बाहेर रेनेसाँचा, म्हणजे प्राचीन रोमच्या वळणाचा मोजका संयम; आत बरोकची, म्हणजे त्यानंतरच्या भरगच्च, नाट्यमय शैलीची उधळण. हीच जोडी जुन्या गोव्यात आहे, फक्त कोरीवकामाचे माध्यम वेगळे. माल्टाचा ग्लोबिजेरिना चुनखडक मऊ, पिवळसर आणि एकजीव असतो. छिन्नी लावाल तशी पाने-फुले निघतात. गोव्याच्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्यात, भोके आणि मातीच्या गाठी असतात, त्यात बारीक नक्षी टिकतच नाही. म्हणून इथल्या कारागिरांनी सगळे कसब लाकडात ओतले. गोव्यातले बरोक वेदीमागच्या लाकडी भिंतीवर आहे. हे ध्यानात ठेवले की कुठे किती वेळ द्यायचा ते आपोआप ठरते: बाहेर दहा मिनिटे, आत अर्धा तास.

बाहेरच्या दहा मिनिटांत खांब ओळखा. भिंतीत अर्धे रुतलेले हे खांब भार पेलण्यासाठी क्वचितच असतात. दर्शनी भिंतीला मापात बसवायचे काम ते करतात. माथा साधी चकती असेल तर डोरिक किंवा तस्कन. दोन्ही बाजूंना गुंडाळी असेल तर आयोनिक. पानांचा गुच्छ असेल तर कोरिंथियन, आणि गुंडाळी व पाने दोन्ही असतील तर कंपोझिट. एवढे चार प्रकार पाठ असले की कुठलाही फलक न वाचता अर्धी इमारत वाचता येते.

सुरुवात से कॅथेड्रलपासून करा. त्याचे तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडते. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि तिचे उठाव दिसेनासे होतात. इमारत ७६ मीटर लांब, दर्शनी भाग ३५ मीटर उंच. आज ती लंगडी दिसते कारण तिचा एक मनोरा नाही. उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. दक्षिणेकडच्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. बाहेर तस्कन, आत कोरिंथियन अशी विभागणी इथे अगदी स्पष्ट आहे.

आत गेल्यावर मधल्या दालनात उभे राहून दोन्ही बाजूंच्या पडव्यांच्या छताकडे पाहा. त्या मधल्या छताहून फार खाली नाहीत. पोर्तुगालमधल्या लैरिया, पोर्तालेग्रे आणि मिरांदा दो दोउरु इथली सोळाव्या शतकातली कॅथेड्रले याच वळणाची आहेत, आणि इथली प्रशस्त, शांत हवा त्याच घडणीतून आली आहे. मुख्य वेदीमागे सोनेरी लाकडी भिंत आहे. हे कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनला वाहिलेले, कारण पोर्तुगीजांनी गोवा कायमचा घेतला तो तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी. वेदीमागच्या चौकटींमध्ये तिचाच जीवनपट कोरला आहे. काम १६१९ मध्ये पुरे झाले, पण वेद्यांचे चालूच राहिले ते १६५२ पर्यंत. म्हणूनच भिंती एका काळाच्या आणि त्यांच्या आतले लाकूड पुढच्या काळाचे आहे.

सोनेरी लाकूड कसे केले जाई हे माहीत असेल तर त्यातले दोषही दिसू लागतात. आधी सागवान कोरायचे. त्यावर सरस आणि पांढऱ्या भुकटीचा लेप अनेक हातांनी द्यायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. मग लालसर चिकणमातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी घोटणी. जिथे वर्ख झिजला आहे तिथे लाल छटा दिसते ती या मातीची. जिथे पांढरे डाग दिसतात तिथे लेपच सुटला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लेपाला एवढी हालचाल झेपत नाही, तो आधी तडकतो आणि मग पापुद्र्यांनी सुटतो. वाळवी लागली तर बाहेरून काही कळत नाही, आतून लाकूड पोकळ होते. वेदीच्या खालच्या पट्ट्यात, हाताला येईल एवढ्या उंचीवर, हे सगळे प्रकार शोधता येतात. हात मात्र लावू नका. सुटत आलेला लेप बोटाच्या स्पर्शानेही गळतो.

शेजारच्याच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचे तोंड पश्चिमेला आहे. इथे एक दुर्मीळ गोष्ट पाहायला मिळते: १६६१ च्या पुनर्बांधणीत जुन्या चर्चचे प्रवेशद्वार तसेच ठेवले. काळ्या दगडाचे हे दार मानुएलिन शैलीचे, म्हणजे रेनेसाँच्या आधीच्या पोर्तुगीज वळणाचे आहे आणि भोवतीची भिंत पुढच्या काळाची. आतल्या जमिनीत कुलचिन्हे कोरलेली थडगी आहेत. व्हॅलेटाची संगमरवरी फरशी पाहिलेल्यांनी इथे पायाखाली जरूर पाहावे. इथे रंगीत जडावकाम नाही, नुसता कोरीव दगड आहे, पण कल्पना तीच. व्हॅलेटात दगड जपण्यासाठी टोकदार टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत. इथे तशी काही अट नाही आणि अनेक अक्षरे पार पुसत आली आहेत. लागूनच पूर्वीच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असते. व्हाइसरॉयांच्या चित्रांची रांग पाहायची असेल तर वार बघून या.

इथून पाच-सात मिनिटे चालत सेंट कॅजेटन चर्च. या फेरीतला सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण आमच्या लेखी जुन्या गोव्यातली ही सर्वोत्तम वास्तू आहे आणि गर्दी मात्र इथे सगळ्यात कमी असते.

थिएटाइन या कॅथलिक पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी ती १६५० च्या दशकात बांधायला घेतली आणि १६६१ च्या सुमारास पुरी केली. आराखड्याशी कार्लो फेरारिनी आणि फ्रान्चेस्को मारिया मिलाझ्झो ही नावे जोडली जातात. नमुना उघड आहे: रोमचे सेंट पीटर्स. दर्शनी भिंतीवर मोठे कोरिंथियन खांब, वर त्रिकोणी माथा, कोनाड्यांमध्ये काळ्या दगडाचे चार पुतळे. सेंट पीटर्सची दर्शनी भिंत वास्तुकार कार्लो मादेर्नोने १६१२ मध्ये संपवली. तिच्या दोन टोकांना मनोरे उभारायचा बेत होता. पुढचा वास्तुकार बेर्निनी याने एक चढवायला घेतला, भिंतीला तडे गेले आणि १६४६ मध्ये तो उतरवावा लागला. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी गोव्यात त्याच नमुन्याच्या चर्चला दोन्ही मनोरे मिळाले. ते बुटके आणि चौकोनी आहेत आणि म्हणूनच चिऱ्याच्या भिंतींना त्यांचे ओझे झाले नाही.

घुमट आणि दोन मनोरे ही त्रयी पाहिली की माल्टाची आठवण होते. तिथल्या एम्दिना गावचे कॅथेड्रल १६९३ च्या भूकंपानंतर लोरेन्झो गाफा या माल्टीज वास्तुकाराने नव्याने बांधले, त्याचीही तीच ठेवण आहे. सिसिलीशी तर नाते आणखी जवळचे. थिएटाइनांचे पालेर्मोतले सान जुझेप्पे चर्च याच शतकातले, आणि वास्तुकार म्हणून पुढे तोरिनोत नाव काढलेला ग्वारिनो ग्वारिनी हा याच पंथाचा धर्मगुरू १६६० मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला होता, म्हणजे इकडे कॅजेटनचे काम संपत आले होते तेव्हाच. थिएटाइनांकडे बांधकाम जाणणारी माणसे होती, आणि गोव्यातल्या इमारतीची बिनचूक प्रमाणे पाहताना ते जाणवते.

आत शिरून सरळ घुमटाखाली जा. दोन भुजा सारख्या लांबीच्या क्रुसासारखा आराखडा, वेदीकडे थोडा वाढवलेला. चार जाड खांबांवर चार कमानी, कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत त्रिकोणी वक्र भाग, त्यावर गोल कडे आणि कड्यावर घुमट. चौकोनावर गोल बसवायची ही युक्ती पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे मान वर करून लवकर समजते. घुमटाचे वजन बाहेर ढकलते, ते ढकलणे चार बाजूंच्या अर्धगोल छतांनी अडवले जाते आणि तिथून ते भिंतींत उतरते. एकही लोखंडी सळई न दिसता साडेतीनशेहून अधिक वर्षे हे उभे आहे. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत झाकलेली विहीर आहे. तिथे उभे राहिलात तर प्रमाणांचा केंद्रबिंदू पायाखाली येतो.

सूर्य वर आल्यावर खिडक्यांतून येणारा उजेड पांढऱ्या भिंतींवरून परतून वेदीच्या सोनेरी लाकडावर पडतो. अकरा ते एक ही वेळ साधावी. व्हॅलेटाच्या सेंट जॉनमध्ये जागा रिकामी म्हणून ठेवलेली नाही, प्रत्येक वीत कोरलेली आहे. इथे पांढऱ्या भिंतीने सोन्याला श्वास घ्यायला जागा दिली आहे. या एका बाबतीत गोव्याची रीत आम्हाला माल्टापेक्षा सरस वाटते.

बाहेर पडल्यावर मांडवीकडच्या वाटेवर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ ती बांधवली. कोसळल्यावर १९५४ मध्ये ती पुन्हा उभारली, म्हणून तिला पाच मिनिटे पुरेत.

दुपारी जेवून टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या अवशेषांकडे चढा. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, सावली फार नाही. १६०२ मध्ये पुरे झालेले हे प्रचंड चर्च १८३५ मध्ये ओस पडले. सात वर्षांत, १८४२ मध्ये, मुख्य छत कोसळले. १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज उभा आहे तो ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग. त्याची घंटा आता पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते.

फेरीतली ही सगळ्यात शिकवणारी जागा आहे, कारण भिंत आतून कशी असते ते फक्त इथे दिसते. तुटलेल्या कडांपाशी थांबा. बाहेरच्या बाजूला घडीव चिरे, आत दगडगोटे आणि चुन्याचा भराव. जोवर वरचे छत पाणी अडवते तोवर ही रचना शतकानुशतके टिकते. छत गळू लागले की पाणी भरावात उतरते, चुना धुऊन जातो, भराव खाली बसतो आणि बाहेरचे चिरे पोट फुगल्यासारखे सुटतात. त्या भेगांत पिंपळ रुजला की पुढचे काम मुळे करतात.

सिसिलीतल्या नोतोचे उदाहरण इथे हटकून आठवावे. १६९३ च्या भूकंपाने जमीनदोस्त झालेले ते गाव सगळेच्या सगळे बरोक शैलीत नव्याने वसले. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट १३ मार्च १९९६ रोजी कोसळला. खांब बाहेरून घडीव, आतून कच्च्या भरावाचे होते; १९५० च्या दशकात लाकडी छताच्या जागी काँक्रीटचे जड छत घातले होते आणि १९९० च्या भूकंपाने खांब आणखी कमजोर झाले होते. पुनर्बांधणी होऊन ते उघडले २००७ मध्ये. जुन्या बांधकामात नवे, जड, ताठ साहित्य घातले की काय होते याचा हा धडा आहे.

उतरताना सेंट मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहा. १६०६ मध्ये सुरू झालेला हा ननांचा मठ, आणि संग्रह पूर्वी राशोलच्या सेमिनरीत होता. हस्तिदंत, चांदी आणि लाकडाच्या वस्तू इथे डोळ्यांच्या पातळीवर आहेत. चर्चमध्ये चाळीस फुटांवर असलेले कोरीवकाम इथे हातभर अंतरावरून पाहता येते. देवदूतांचे गोबरे गाल, दाट पापण्या, पंखांवरची पिसे यांत गोव्याच्या कारागिराचा हात ओळखू येतो. मांडणी आणि प्रकाशयोजना उत्तम. या अख्ख्या परिसरात पाहुण्याचा विचार करून मांडलेली ही एकच जागा.

बॉम जिझस शेवटी ठेवा. त्याचे तोंड पश्चिमेला आहे, चारनंतरचे ऊन तिरपे पडते आणि प्रत्येक पट्टा, प्रत्येक गोल खिडकी उठून दिसते. काम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये अभिषेक झाला. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट. खाली तीन दारे, वर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि शिखरावर आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरे, म्हणजे येशूसंघाची (जेझुइटांची) खूण. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, कंपोझिट हे सगळे खांब या एकाच भिंतीवर सापडतात; आधी पाठ केलेले इथे तपासून घ्या. खांब आणि पट्टे वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाचे, बाकी भिंत चिऱ्याची.

आणि ही लाल भिंतच आपल्याला खटकते. लाखो फोटोंत दिसणारा हा लाल रंग जुना नाही. चर्च बांधले तेव्हा चिऱ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारचे वास्तुकार बाल्तझार कास्त्रो यांनी डागडुजीच्या कामात तो उतरवला, दगड उघडा असला की इमारत प्राचीन वाटते या समजुतीने. तेव्हापासून भिंत उघड्यावर आहे.

माल्टात दगड उघडा ठेवतात, मग इथे काय बिघडते, असा प्रश्न येतो. माल्टात वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात तीन हजारांच्या घरात. तरीही माल्टाचा चुनखडक समुद्रावरच्या खाऱ्या हवेने मधाच्या पोळ्यासारखा पोखरला जातोच. दगडात शिरलेले मीठ वाळताना स्फटिक होते आणि पृष्ठभाग ढकलून पाडते. चिऱ्याचे दुखणे निराळे. खाणीतून काढला तेव्हा तो कोयत्यासारख्या हत्यारानेही तासता येतो, हवा लागली की त्यातले लोहाचे क्षार घट्ट होतात आणि तो टणक होतो. पण पोकळ्यांत उरलेली पांढरी-पिवळी माती तशीच मऊ राहते. चार महिने मुसळधार पाऊस पडला की ती धुऊन जाते, भोके मोठी होतात, भोकांत पाणी साचते, शेवाळ धरते, शेवाळात माती आणि मातीत नेचे. दर्शनी भिंतीच्या खालच्या पट्ट्यात आणि बाजूच्या भिंतींवर बोट जाईल एवढी भोके दिसतात ती अशी झाली आहेत. काळे पट्टे मात्र बरेच धडधाकट आहेत. चिरा मागे सरला, पट्टे पुढे राहिले. मुळात गिलाव्याची जाडी धरून ते पुढे काढलेले होते.

गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात बरीच वर्षे चर्चा चालू आहे. आम्ही निःशंकपणे चढवावा या बाजूचे आहोत, मात्र सिमेंटचा नव्हे. सिमेंटचा थर ताठ आणि बंदिस्त असतो. चिऱ्यातली ओल बाहेर पडू शकत नाही, ती थराच्या मागे साठते, आणि काही पावसाळ्यांत थर चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो. चुना ओल आत-बाहेर होऊ देतो. मुरवलेल्या चुन्याच्या एका भागाला अडीच ते तीन भाग धुतलेली धारदार वाळू, आधी भिंत भिजवून घेऊन दहा-बारा मिलिमीटरचा एक थर, तो पुरता आवळल्यावर दुसरा पातळ थर, आणि वर चुन्याच्या निवळीचे तीन-चार हात. प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. उन्हात घाईने वाळला तर त्याची नुसती भुकटी होते. त्यामुळे काम पावसाळा सरल्यावरच घ्यायचे आणि दर काही वर्षांनी चुना मारत राहायचे. सेंट कॅजेटन आणि से कॅथेड्रल पांढरी आहेत आणि त्यांची अंगे शाबूत आहेत, यापेक्षा मोठा दाखला शोधायला नको.

आत बॉम जिझसचे एकच लांब दालन आहे, मध्ये खांब नाहीत. प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावे ही येशूसंघाची गरज होती. समोरच्या वेदीत खाली बाळ येशू, वर येशूसंघाचा संस्थापक सेंट इग्नेशियसची भव्य मूर्ती, तिच्या डोक्यावर किरणांच्या गोलात आयएचएस आणि सगळ्यात वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. नजर पायरीपायरीने वर नेण्याची ही बरोकची हुकमी मांडणी. वळणदार पिळाचे खांब आणि व्यासपीठाच्या तळाशी ओझे पेलणाऱ्या आकृती चुकवू नका.

उजवीकडे सेंट फ्रान्सिस झेवियरचे स्मारक. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालची संगमरवरी बैठक आली फ्लॉरेन्सहून: तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने शिल्पकार जोव्हान्नी बत्तिस्ता फोज्जिनीकडून ती दहा वर्षे खपून करवून घेतली, आणि प्लाचिदो रामपोनी नावाचा कारागीर सुट्या भागांसह इथे येऊन १६९८ मध्ये ती जुळवून गेला. दर्शनाच्या रांगेत लोकांचे डोळे पेटीवर असतात. चारी बाजूंचे ब्राँझचे उठावपट पाहायला थोडे मागे सरून उभे राहा. छोटी दुर्बीण असेल तर एकेका चेहऱ्यावरचा भाव दिसतो. उत्तर बरोकचा असा अस्सल फ्लॉरेन्टाइन नमुना पाहण्यासाठी एरवी इटली गाठावी लागते.

मार्गदर्शक घ्यायचा की नाही? सरकारी ओळखपत्र असलेलाच घ्या आणि पैसे ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा: बॉम जिझसचा गिलावा कधी गेला, से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा कुठे आहे आणि कॅजेटनचा घुमट कशावर उभा आहे. तिन्हींची उत्तरे आली तर तीन तासांसाठी ठरवा. नुसत्या शवाच्या चमत्कारकथा सुरू झाल्या तर आभार मानून पुढे निघा. जाणते मार्गदर्शक आहेत, पण त्यांना इतका वेळ देणारे पाहुणे क्वचित मिळतात आणि दोष निम्मा तिथेही आहे.

बाकीची व्यवस्था थोडक्यात. पणजीच्या कदंब स्थानकावरून बस सतत मिळते, अंतर नऊ-दहा किलोमीटर. रायबंदरमार्गे जाणारी घ्या, जुना बांध आणि मांडवी दोन्ही दिसतात. चर्चमध्ये प्रवेशाला पैसे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत माणसांचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत, त्या पाळा. ही चालती प्रार्थनास्थळे आहेत. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पाहुण्यांना उशिरा सोडतात. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त. त्या दिवसांत भक्तीसाठी या, वास्तू पाहायला नको. ऑगस्टमध्ये आलात तर शेवाळलेला चिरा पाहून गिलाव्याची गरज कुणी समजावून सांगावी लागत नाही, मात्र टेकडीवरच्या पायऱ्या निसरड्या असतात.

दुसरा दिवस हाती असेल तर फोंडा तालुक्यात मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा याच नजरेने पाहा. अठराव्या शतकातल्या या बांधणीत अष्टकोनी कड्यावरचा घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, त्यांच्या मधले अर्धे खांब आणि कठड्यांचे छोटे गोलसर खांब आहेत. चर्चवर काम केलेल्या हातांचे वळण त्यांत आहे. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाच्या प्रत्येक मजल्यावरचे कोनाडे आणि त्यांच्या कडेचे खांब मोजा, आणि त्यांचे माथे कॅजेटनच्या खांबांशी ताडून पाहा. तिथे गिलावा आहे आणि दर वर्षी रंगही होतो.